डर्टी हॅरी: पडद्यावरच्या शस्त्रांची ओळख, प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५: प्रती आणि फ्रेम

मार्चमध्ये कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात ‘डर्टी हॅरी’ (१९७१) दाखवायचा आहे. सोबत चित्रपटातल्या मुख्य शस्त्रांची मराठी माहितीपत्रकं लावायची आहेत. ओळख पटवताना काय पाहिलं आणि का मानलं, ते या वहीत राहील.

कामाला ब्लू-रे प्रत घेतली, पडताळणीला जुनी पाल (PAL या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी. दोन्हींचा वेळ जुळत नाही आणि पहिला घोळ इथेच होतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झाला, पाल प्रत २५ ने धावते. म्हणून १०२ मिनिटांचा चित्रपट तिच्यावर साधारण ९८ मिनिटांत संपतो. ब्लू-रेवरच्या वेळेला ०.९६ ने गुणलं की डीव्हीडीवरची जागा सापडते: ५० मिनिटांवरचं दृश्य ४८ मिनिटांवर. नोंदीत फक्त ब्लू-रेचीच वेळ लिहायची.

डीव्हीडीची फ्रेम ७२० × ५७६ असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. ती ताणून मूळ प्रमाणात आणल्याशिवाय मोजली तर पिस्तूल बुटकं आणि जाड दिसतं. ब्लू-रेवर ही भानगड नाही. १९२० × १०८० मधल्या काळ्या पट्ट्या सोडल्या की चित्र सुमारे ८०० ओळींचं उरतं.

फ्रेम काढताना पाळायचे नियम:

पीएनजीच काढायची, जेपीजी नाही. जेपीजीचे चौकोन नळीच्या कडेवरच बसतात आणि कड खातात. गोळीबाराच्या दृश्यात एकही फ्रेम गाळायची नाही. दहा सेकंदांच्या २४० फ्रेम होतात, तेवढ्या ठेवायच्या. अंधारी फ्रेम उजळायची असेल तर नक्कल करून फक्त गॅमा वाढवायचा. शार्पनिंग बंद. शार्पनिंगने गडद कडेला पांढरी रेघ उमटते आणि ती नळीवरच्या पट्टीसारखी दिसते. एआय अपस्केल तर अजिबात नको. ते नसलेले स्क्रू आणि नसलेली अक्षरं काढून देतं, आणि ती खऱ्यापेक्षा सुबक असतात.

११ जानेवारी: कोष्टक कसं भरायचं

प्रत्येक शस्त्राला एक ओळ. रकाने असे: वेळ, कोणाच्या हातात, कोणती बाजू दिसते, दिसलेले भाग, बाद केलेले पर्याय आणि का, निष्कर्ष, पातळी.

पातळ्या तीन. ‘अ’ म्हणजे मॉडेल ठरवणारा भाग फ्रेममध्ये दिसतो. ‘ब’ म्हणजे भागांवरून घराणं ठरतं आणि संवाद किंवा कथेच्या आधाराने मॉडेल. ‘क’ म्हणजे फक्त वर्ग: मध्यम आकाराचं रिव्हॉल्व्हर, पंपाची शॉटगन, इतकंच.

संवादाला शेवटचा मान. पात्र एक नाव घेतं आणि हातात दुसरंच असतं, हे चित्रपटांत सर्रास घडतं, कारण कथा लिहिणारा एक आणि शस्त्रं पुरवणारा दुसरा. आधी भाग लिहायचे, मग आवाज सुरू करायचा. पहिली पाहणी म्हणूनच आवाज बंद ठेवून झाली.

‘बाद केलेले पर्याय’ या रकान्यात सालाची चाळणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्की. चित्रपट डिसेंबर १९७१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर बाजारात आलेलं काहीही त्यात असू शकत नाही. बेरेटा ९२ चं उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं, म्हणून बाद. कोल्ट अ‍ॅनाकोंडा १९९० चं, तेही बाद. लोक सर्वांत जास्त सुचवतात ती नावं नेमकी या चाळणीतच अडकतात.

१८ जानेवारी: हॅरीचं रिव्हॉल्व्हर

नायक, पोलीस इन्स्पेक्टर हॅरी, याचं सगळ्यांना माहीत असलेलं शस्त्र. स्मिथ अँड वेसन मॉडेल २९, .४४ मॅग्नम, साडेसहा इंची नळी. तरी उत्तर माहीत नाही असं समजून भागांपासून सुरुवात केली.

पहिला प्रश्न: कोल्ट की स्मिथ अँड वेसन? सिलिंडर उघडायचा खटका पाहायचा. स्मिथचा अंगठ्याने पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा, त्यामुळे दोघांचे आकार वेगळे. दुसरी खूण सिलिंडर फिरण्याची दिशा. मागून पाहिलं तर स्मिथचा सिलिंडर घड्याळाच्या उलट फिरतो, कोल्टचा घड्याळाप्रमाणे. घोडा (हॅमर) हळू मागे जाताना चार-पाच फ्रेम सलग पाहिल्या की दिशा कळते. इथे स्मिथ.

कोल्ट पायथनच्या नळीवर झरोके असलेली पट्टी असते आणि खालचा जाड भाग तोंडापर्यंत जातो. इथली पट्टी भरीव आहे आणि खालचं आवरण फक्त इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या) दांडीपुरतं. पायथन बाद. रुगर सुपर ब्लॅकहॉकचा सिलिंडर बाजूला उघडतच नाही, मागच्या झडपेतून एकेक काडतूस भरावं लागतं. तेही बाद.

उरलं स्मिथचं मोठं घराणं, ज्याला एन फ्रेम म्हणतात. इथे खरी मेहनत लागली, कारण एकाच सांगाड्यावर मॉडेल २७ (.३५७ मॅग्नम), मॉडेल २९ (.४४ मॅग्नम) आणि १९६४ पासून मॉडेल ५७ (.४१ मॅग्नम) अशी तिन्ही बसतात.

मॉडेल २७ दोन गोष्टींनी वेगळं पडतं. त्याचा सिलिंडर आखूड, त्यामुळे सिलिंडरच्या पुढे चौकटीत नळीचं बूड जास्त दिसतं. आणि कॅमेऱ्याकडे रोखलेल्या फ्रेममध्ये भोक. .४४ ची गोळी १०.९ मिमी व्यासाची, .३५७ ची ९.१ मिमी. फरक सुमारे २० टक्के. नळीचा बाहेरचा व्यास आणि भोक यांचं प्रमाण काढलं की तो पडद्यावरही मोजता येतो.

मॉडेल ५७ चं तसं नाही. .४१ ची गोळी १०.४ मिमी, म्हणजे .४४ पासून अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. पडद्यावर हे मोजता येत नाही. दोन्ही बाहेरून जुळी भावंडं. भेद सांगणारा ठसा नळीच्या उजव्या बाजूला असतो, डाव्या बाजूला फक्त कंपनीचं नाव. डाव्या बाजूच्या कितीही सुंदर फ्रेम काढल्या तरी हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून पातळी ‘ब’. भाग सांगतात: एन फ्रेम, मोठं बोअर (नळीच्या भोकाचं माप). संवाद सांगतो: .४४ मॅग्नम. दोन्ही जुळतात, निष्कर्ष मॉडेल २९. सगळ्यांत प्रसिद्ध शस्त्राला ‘अ’ नाही हे पाहून गटात वाद झाला. पातळी प्रसिद्धीवर ठरत नाही, म्हणून ‘ब’ कायम.

२५ जानेवारी: नळीची लांबी आणि लाकडी नमुना

त्या काळात मॉडेल २९ ची नळी मुख्यतः तीन लांबींत मिळे: ४ इंच, ६.५ इंच आणि ८ ३/८ इंच. मिलिमीटरमध्ये १०२, १६५ आणि २१३. सहा इंची नळी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली, त्यामुळे साडेसहा आणि सहा यांतला १३ मिमीचा अवघड फरक सालानेच मिटवला.

लांबी मोजायला पडद्यावर मोजपट्टी नसते. शस्त्राचाच एखादा भाग पट्टी म्हणून वापरायचा. आम्ही सिलिंडर घेतला, लांबी सुमारे ४४ मिमी. साडेसहा इंची नळी त्याच्या पावणेचार पट येते. फ्रेममध्ये सिलिंडर ६० पिक्सेल असेल तर चार इंची नळी १३९ च्या आसपास, साडेसहा इंची २२५ आणि ८ ३/८ इंची २९०. एवढ्या फरकात मोजणीतली पाच-सात पिक्सेलची चूक सहज पचते.

सिलिंडरच का, मुठीची उंची का नाही? सिलिंडर आणि नळी एकाच रेषेत आहेत. हात थोडा वळला तर दोन्ही सारख्याच प्रमाणात आखडतात आणि गुणोत्तर टिकतं. चित्र आडवं ताणलं गेलं असेल तरी टिकतं. मूठ उभी, नळी आडवी. त्यांचं गुणोत्तर हात वळला की बिघडतं. ३० अंश वळलेली नळी तिच्या लांबीच्या ८७ टक्केच दिसते आणि साडेसहा इंची नळी साडेपाच इंची वाटते.

हे कागदावर पटलं, पण हातात धरून पाहायचं होतं. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर सागाचा नमुना करून घेतला: १६५ मिमी लांब दांडी, मागे ४४ मिमी लांब आणि ४४ मिमी व्यासाचा गोळा. चाप, घोडा, मूठ काहीही नाही, आणि सगळा भडक पिवळा रंगवलेला. शस्त्रासारखी दिसणारी वस्तू घेऊन गंगावेशीतून जायचं कारण नाही. फोनच्या कॅमेऱ्याने तीन मीटरवरून ०, १५, ३०, ४५ अंशांवर फोटो काढले. ३० अंशांपर्यंत गुणोत्तर ठीक. ४५ ला गोळ्याची कड धूसर होऊन चूक वाढते.

मग तोच नमुना अर्ध्या मीटरवरून, तोंड कॅमेऱ्याकडे करून. इथे पद्धत साफ कोसळते. पुढचं टोक लेन्सला जवळ, म्हणून ते फुगतं, मागचा गोळा लहान होतो आणि नळी हातभर लांब दिसते. हॅरीचं रिव्हॉल्व्हर भिंतीवरच्या चित्रांत अवाढव्य दिसतं त्याचं मोठं कारण हेच. नियम लिहिला: रोखलेल्या फ्रेमवर लांबी मोजायची नाही, फक्त भोक.

२ फेब्रुवारी: मारेकऱ्याची रायफल

पहिल्याच प्रसंगात सायलेन्सर लावलेली नळी दिसते आणि छतावरच्या तलावात पोहणाऱ्या बाईवर नेम धरला जातो. शिकारी दस्ता, दुर्बीण, सुटी करून पेटीत बसणारी. पहिल्या नजरेला कोणतीही अमेरिकी शिकारी रायफल वाटावी अशी. ती आहे जपानी लष्कराची टाइप ९९ अरिसाका, दस्ता बदलून शिकारी केलेली.

ओळखायचं बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकावरून. अरिसाकाला तिथे गोल, कडेला खाचा असलेली टोपी असते. ती तळहाताने दाबून फिरवली की सेफ्टी लागते. माउझर ९८ ला त्या जागी डावी-उजवीकडे वळणारा पंख असतो, स्प्रिंगफील्ड १९०३ ला पंख आणि मागे बाहेर आलेली घुंडी. दस्ता बदलता येतो, नळी कापता येते, दुर्बीण बसवता येते. ही टोपी मात्र रायफलसोबत राहते. शिकारी रूप दिलेल्या लष्करी रायफलीत दस्त्याकडे पाहणं बंद करून बोल्टकडे पाहायचं, हा धडा इतर चित्रपटांनाही लागू पडतो. हातात नग असता तर आणखी एक खूण मिळाली असती: कक्षेच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) वरच्या बाजूला वायू निसटायला टाइप ९९ ला एक भोक, जुन्या ६.५ मिमीच्या टाइप ३८ ला दोन.

जपानी रायफल अमेरिकी मारेकऱ्याकडे का, हा प्रश्न येणार. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांनी त्या मोठ्या संख्येने घरी नेल्या आणि ७.७ मिमीचं जपानी काडतूस तिथे सहज मिळेना. मग अनेकांनी कक्षा खोल करून त्या .३०-०६ साठी बदलल्या. जपानी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) ५८ मिमी लांब, .३०-०६ ची ६३ मिमी, बुडाचा व्यास जवळजवळ तोच, म्हणून रीमरचं (भोक वाढवणाऱ्या हत्याराचं) एक काम पुरतं. तोटा असा की .३०-०६ ची .३०८ इंची गोळी जपानी नळीत किंचित सैल जाते आणि नेमाचा बारीकपणा जातो. (.३०-०६ मधला ०६ हा १९०६ सालाचा, मापाचा नाही. पत्रकात हे घालायचं.)

सायलेन्सरबद्दल एक ओळ हवीच. अशा रायफलीची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर जाते, आवाजाचा वेग सुमारे ३४०. सायलेन्सर नळीच्या तोंडचा बार दाबतो, हवेत उठणारा गोळीचा कडाका त्याला दाबता येत नाही.

९ फेब्रुवारी: रात्रीचं छत

फिरत्या निऑन पाटीखालची चकमक. एका बाजूला मारेकऱ्याच्या हातात एमपी ४० ही जर्मन सबमशीनगन, दुसऱ्या बाजूला हॅरीच्या हातात विंचेस्टर मॉडेल ७० रायफल.

एमपी ४० ला लोक ‘श्मायसर’ म्हणतात. ह्यूगो श्मायसरचं पेटंट तिच्या मॅगझिनच्या बनावटीवर होतं, पण बंदूक त्याची रचना नव्हे, ती एर्मा कारखान्यातली. पत्रकात एमपी ४० एवढंच नाव. तिची थोरली बहीण एमपी ३८ वेगळी काढायला दोन जागा: एमपी ३८ च्या मागच्या नळकांड्यावर लांब खाचा आणि मॅगझिनच्या खोबणीला मोठं गोल भोक. एमपी ४० चं नळकांडं गुळगुळीत, खोबणीवर दाबून काढलेल्या आडव्या कण्या.

रात्रीच्या फ्रेममध्ये या कण्या फक्त जाळाच्या उजेडात दिसतात. म्हणून जाळ असलेली फ्रेम टाकून द्यायची नाही. तिच्यात नळीचं तोंड पांढरं जळतं, पण मागचा सांगाडा त्याच उजेडात एका फ्रेमपुरता उजळतो.

वेग तपासला. एमपी ४० मिनिटाला साधारण ५०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला आठाच्या थोड्या वर. २४ फ्रेमच्या प्रतीत दर तीन फ्रेमला एक बार यायला हवा. पाल प्रतीवर मोजलं तर तोच वेग ५२० भासतो. मात्र कोरी (गोळी नसलेली) काडतुसं वापरली की वेग बदलतो, त्यामुळे हा आधार पूरक, मुख्य नाही.

मॉडेल ७० थोडक्यात. १९३६ पासूनची, बोल्टच्या मागे आडवी फिरणारी तीन टप्प्यांची सेफ्टी, बोअर .४५८ विंचेस्टर मॅग्नम. हे काडतूस १९५६ मध्ये हत्ती-गव्यासारख्या जनावरांसाठी काढलेलं. शहरातल्या छतावर ते आणणं अवाजवी आहे आणि हॅरी कसा माणूस आहे ते त्यातून कळतं.

१६ फेब्रुवारी: शेवटचं पिस्तूल

मारेकरी दारूच्या दुकानदाराकडून हिसकावतो आणि शेवटी खाणीपाशी त्याच्याजवळ असतं ते वॉल्थर पी ३८. चित्रपटातली सर्वांत सोपी ओळख, पातळी ‘अ’.

नळी पुढे उघडी, स्लाइड (बार झाला की मागे सरकणारा वरचा भाग) वरून कापलेली. घोडा बाहेर. सेफ्टीचा खटका स्लाइडवर, डाव्या बाजूला. आणि या पिस्तुलाची पुंगळी डावीकडे उडते. बहुतेक पिस्तुलांची उजवीकडे उडते, म्हणून एकही पुंगळी उडताना फ्रेममध्ये सापडली की बरेच पर्याय गळतात. लुगरची नळीही उघडी असते, पण तिला वर मोडणारा गुडघा आहे आणि घोडा दिसत नाही.

काडतूस ९ × १९ मिमी, मॅगझिनमध्ये आठ. एमपी ४० चं काडतूसही हेच.

२३ फेब्रुवारी: कोरी काडतुसं आणि बारांची मोजणी

‘पाच झाडल्या की सहा’ हा हॅरीचा प्रश्न या चित्रपटाचा गाभा असल्याने मोजणीची विचारणा होणारच. दोन स्वतंत्र याद्या केल्या: डोळ्यांची आणि कानांची. त्या एकत्र करायच्या नाहीत.

डोळ्यांची यादी जाळावर विसंबली तर फसते. चित्रपट कॅमेऱ्याचा शटर साधारणपणे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उघडा आणि तेवढाच वेळ बंद असतो. जाळ काही मिलिसेकंदांचा. तो बंद काळात पडला तर पडद्यावर येतच नाही. म्हणून जाळ न दिसला तरी तीन खुणा तपासायच्या: धूर, मनगटाचा झटका, आणि सिलिंडर ६० अंश पुढे गेला का. तिसरी सर्वांत भरवशाची, कारण सहा घरांच्या सिलिंडरला दर बाराला एक घर पुढे जावंच लागतं.

कानांची यादी वेगळ्या कारणाने फसते. बारांचे आवाज नंतर ध्वनिपट्टीवर बसवलेले असतात आणि कॅमेरा दुसरीकडे असताना झालेले बारही त्यात असतात. संकलनात एकच बार दोन कोनांतून दाखवला तर डोळे दोन मोजतात, कान एक.

रिव्हॉल्व्हरला कोऱ्या काडतुसाने काही फरक पडत नाही, चाप ओढला की सिलिंडर फिरतोच. स्वयंचलित पिस्तुलाचं तसं नाही. पुढे गोळी नसल्याने नळीत दाब साठत नाही आणि स्लाइड मागे येत नाही. त्यासाठी नळीत बारीक भोकाची अडथळ्याची चकती बसवतात. रोखलेल्या जवळच्या फ्रेममध्ये पी ३८ किंवा एमपी ४० चं भोक अपेक्षेपेक्षा बारीक दिसलं तर ते ही चकती असू शकते. त्यावरून बोअर लहान ठरवायचं नाही.

रिव्हॉल्व्हर समोरून दिसत असेल तर सिलिंडरच्या घरांत डोकावायचं. कोऱ्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं आणि आत बसलेलं, डमीला गोळीचं गोल टोक. एकाच प्रसंगात दोन्ही दिसू शकतात, कारण जवळचा शॉट वेगळ्या वेळी घेतलेला असतो.

१ मार्च: गणवेशातल्या पोलिसांची रिव्हॉल्व्हर

पातळी ‘क’ आणि तिथेच थांबलो. खोळीतून फक्त मूठ दिसते, आणि मूठ हा रिव्हॉल्व्हरचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग. लाकडावरचं बिल्ल्याचं चिन्ह दिसलं तरी मूठ कोणाची तेवढंच कळतं.

८ मार्च: शब्द आणि छपाई

पत्रकांसाठी शब्द पक्के केले. ट्रिगरला चाप, हॅमरला घोडा. बोलण्यात दोन्हींना घोडा म्हणतात, पण इथे ‘घोडा मागे ओढला’ आणि ‘चाप दाबला’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सबंध काडतूस, त्यातून सुटते ती गोळी, मागे उरते ती पुंगळी. सिलिंडर असेल तर रिव्हॉल्व्हर, मुठीत मॅगझिन असेल तर पिस्तूल. बातम्यांत हे दोन सर्रास मिसळतात.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे नेमबाजी परकी नाही, पण त्याची ओळख .२२ शी. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या तळाला तुलनेसाठी .२२ चं काडतूस त्याच प्रमाणात काढलं: .२२ ची गोळी ५.७ मिमी, शेजारी .४४ ची १०.९ आणि .४५८ ची ११.६.

पाच पत्रकं, ए३ आकार. पहिल्या प्रुफात पी ३८ चं चित्र मांडणीसाठी आडवं उलटवलेलं निघालं. तोंड पानाच्या आत वळलं, पण सेफ्टीचा खटका उजवीकडे गेला आणि पुंगळीची खिडकीही. शेजारच्या मजकुरात ‘पुंगळी डावीकडे उडते’ असं छापलेलं. चित्र सरळ करून मजकुराचा रकाना दुसऱ्या बाजूला नेला. बाकीची चारही चित्रं मूळ फ्रेमशी पुन्हा ताडली, मॉडेल २९ चं सिलिंडरच्या खटक्यावरून आणि रायफलींची बोल्टच्या दांडीवरून. ती बरोबर होती. दुसरं प्रूफ मंगळवारी.